उंबराला दिलेला धवला

कोपरखारात लग्न ठरलं की पत्रिका छापायला टाकण्याआधी मुलीचा बाप गोदूबाईच्या ओट्यावर येऊन बसायचा. त्या तारखेला ती दुसरीकडे गुंतलेली नाही ना, हे आधी बघावं लागे. भटजी दुसरा मिळाला असता, मांडववाला दुसरा मिळाला असता. पण धरमतरच्या खाडीपासून पोयनाडच्या बाजारापर्यंत आगरी गावांमध्ये तिच्यासारखी धवलारीण दुसरी नव्हती. हळदीपासून वरातीपर्यंत जे जे व्हायचं ते धवलारणीच्या गाण्यावर व्हायचं. तिनं धवला म्हटला की जात्यावर हळद दळायची, तिनं म्हटला की मांडवात उंबराची डहाळी रोवायची, तिनं म्हटला की नवरीच्या माथ्यावर तेल चढवायचं. भटजी मुहूर्ताला यायचे आणि अर्ध्या तासात जायचे. घरातल्या बायांच्या लेखी लग्न लावायची ती गोदूबाईच.

गोदूबाई शाळेत गेली नव्हती. पुढे सुनेनं तिला सही शिकवली, तेवढीच काय ती अक्षरं. धवले तिला शिकवले तिच्या आत्यानं, सखुबाईनं, आणि तेही घरात बसवून नव्हे. दोघी मिठागरावर कामाला जायच्या. लाकडी फळीनं मीठ ओढताना सखुबाई अर्धी ओळ म्हणायची आणि थांबायची. उरलेली अर्धी मागून गोदूनं म्हणायची. चुकली तर सखुबाई काही बोलत नसे, फक्त फळी पुन्हा मागे नेऊन तीच ओळ पुन्हा सुरू करी. अशी चार वर्षं गेली. बाराव्या वर्षी बांधावर आलेली गोदू सोळाव्या वर्षी लग्न होऊन गावातच पलीकडच्या आळीत गेली तेव्हा तिला सगळे धवले पाठ होते.

पण पाठ असणं म्हणजे येणं नव्हे, असं सखुबाईचं म्हणणं. ती म्हणायची, "कानान शीक, पन डोल्यान गा." म्हणजे तोंड उघडायच्या आधी मांडवात नजर फिरवायची. कोण आलंय, कोण नाही, कोण येऊ शकत नाही. घरात वर्षभरात कोणी गेलं असेल तर त्याचं नाव देवांच्या जोडीनं घ्यायचं. भावकीत अबोला असेल तर मामाचा धवला काकाच्या आधी म्हणायचा की नंतर, ते ठरवायचं. प्रत्येक धवल्यात काही जागा मोकळ्या असतात. त्या भरायला त्या घराची माहिती लागते.

गोदूबाईला एक प्रसंग नीट आठवत होता. धर्मा, तिचा मुलगा, तेव्हा नुकता रांगायला लागला होता. मुंबईहून एक प्राध्यापक टेपरेकॉर्डर घेऊन सखुबाईकडे आले. भले गृहस्थ होते, ओट्यावर मांडी घालून बसले, चहा प्यायले. धवले टेप करून ठेवायचेत, नाहीतर ते नाहीसे होतील, असं त्यांनी समजावून सांगितलं. सखुबाईनं विचारलं, लग्न कोणाचं आहे? लग्न कोणाचंच नाही, असं ते म्हणाले. मग नाव कोणाचं घेऊ? कोणतंही घ्या, ते म्हणाले. सखुबाईनं मान हलवली आणि गायला नकार दिला. शब्द मात्र सांगितले. प्राध्यापकांनी दोन दिवस बसून वही भरली आणि निघताना तिला त्यातला एक धवला वाचून दाखवला. सखुबाईनं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकला. सगळे शब्द बरोबर उतरलेत, ती म्हणाली, फक्त घर कोणाचं ते समजत नाही.

ते वाक्य प्राध्यापकांनी वहीत लिहून घेतलं की नाही, कोण जाणे. ते परत आले नाहीत. सखुबाई नंतर सहा वर्षांनी गेली आणि तिच्या जागी गोदूबाई गाऊ लागली.

ती पस्तीस वर्षं गायली. या काळात मिठागरं बंद पडत गेली, काहींवर भराव पडला. नवरा गेला. धर्मानं आधी दुसऱ्याच्या आणि मग स्वतःच्या ट्रेलरवर उरणच्या बंदरातून कंटेनर न्यायला सुरुवात केली. सून आली प्रणाली, तिला एक मुलगी झाली मृणाली. लग्नं घरापुढच्या मांडवातून हॉलमध्ये गेली, हळदीला डीजे आला. तरी तेलाच्या वेळी डीजे बंद व्हायचा आणि गोदूबाईला पाटावर बसवलं जायचं. तिथं कोणी हात घातला नव्हता.

२०१९च्या माघात शेजारच्या गावात आरोहीचं लग्न होतं. आरोही अकरा वर्षांची असताना तिची आई कावीळ होऊन गेली. बापानं दुसरं लग्न केलं नाही, एकट्यानं दोन मुलींना वाढवलं. हे गोदूबाईला ठाऊक होतं. तेलाच्या आधी आईचा धवला येतो, तो कसा म्हणायचा याचा विचार ती दोन दिवस करत होती. अशा वेळी काकू किंवा मावशीला पुढे करायची रीत होती, आणि काकू नवी साडी नेसून तयारही होती.

तेलाची वेळ झाली. दुपारचं ऊन मांडवाच्या कापडातून पिवळं खाली उतरत होतं. आरोही पाटावर बसली होती. तिच्या उजव्या हाताला आईचा पाट असतो, तो कोणीतरी सवयीनं मांडून ठेवला होता आणि त्यावर कोणी बसलं नव्हतं. काकू पुढे सरकली, तशी आरोहीनं तिच्याकडे पाहिलं नाही, त्या रिकाम्या पाटाकडे पाहिलं. गोदूबाईनं ते पाहिलं. तिनं हातानंच काकूला थांबवलं. आईचा धवला मूळचा असा होता:

"वाटीन तेल, पानावर थेंब,
पयला थेंब कोनाचा?
नऊ मास जिनं भार वाहला,
त्या आयचे हाताचा."

पहिल्या दोन ओळी गोदूबाईनं तशाच म्हटल्या. मग ती थांबली. मांडवाच्या दारात रोवलेल्या डहाळीकडे तिची नजर गेली आणि पुढची ओळ तिच्या तोंडात आपोआप आली:

"दारी उभा जो सावली धरून,
त्या उंबराचे पानाचा."

आरोहीला कोणी काही सांगितलं नाही. ती स्वतःच उठली, दारापाशी गेली, उंबराचं एक पान तोडून तिनं तेलात बुडवलं आणि आपल्याच माथ्याला लावलं. बाप खांबाला धरून उभा होता, तो तसाच खाली बसला. पुढचे तीन धवले, ज्यांत आई येते, ते गोदूबाईनं सगळे उंबराला दिले. आई हा शब्द तिनं शेवटपर्यंत तोंडातून काढला नाही.

हे सगळं रितेशनं टिपलं. रितेश पोयनाडचा, लग्नांचं शूटिंग करायचा. तिशीतला, कामाला चोख. नवा माइक त्यानं आदल्या महिन्यातच घेतला होता आणि त्या दिवशी सकाळीच गोदूबाईची परवानगी घेऊन तिच्या पदराला लावला होता. आवाज इतका स्वच्छ आला की श्वास घेतलेला ऐकू येतो. आरोहीच्या बापाला विचारून त्यानं फक्त धवल्यांचा भाग वेगळा काढला, नवरीचा चेहरा दिसणार नाही अशी काळजी घेतली आणि युट्यूबवर टाकला. खाली लिहिलं, 'आगरी धवले, संपूर्ण, अस्सल.'

दोन महिन्यांनी मृणालीनं मोबाइल आजीपुढे धरला. किती लोकांनी पाहिलं तो आकडा गोदूबाईला समजला नाही, पण दुबईहून कोणी, घणसोलीहून कोणी काय काय लिहिलंय ते मृणाली वाचून दाखवत होती. एकानं लिहिलं होतं की माझी आजी असंच गायची. गोदूबाईला बरं वाटलं. ते तिनं कधी लपवलं नाही. पोयनाडच्या बाजारात मासळी घेताना एका बाईनं तिला आवाजावरून ओळखलं, त्या दिवशी ती घरी येऊन दोनदा ते सांगत बसली.

पुढल्या वर्षी कोरोना आला. लग्नं वीस-पंचवीस माणसांत होऊ लागली, म्हाताऱ्या बायांना कोण बोलावणार? लोकांनी रितेशचा व्हिडिओ लावायला सुरुवात केली. त्यात कोणाची चूक नव्हती. गोदूबाईलाही ते पटलं होतं. काहीच नसण्यापेक्षा तेवढं तरी झालं.

मेच्या एका दुपारी ती बांधावर वाळत घातलेल्या शेण्या उलटवत होती. खाडीपलीकडल्या वाडीत लग्न होतं आणि वारा इकडचा होता. तिला धवला ऐकू आला. आधी वाटलं, कोणी नवीन बाई गाते. मग तिनं श्वास ओळखला. दुसऱ्या ओळीनंतर तो थांबा आला, आरोहीच्या मांडवात ती थांबली होती तेवढाच, आणि मग पाण्यावरून उंबराची ओळ आली. ती शेण्या हातात धरून उभी राहिली. बिचारीला आई नसेल, तिच्या मनात आलं. संध्याकाळी प्रणालीला विचारलं तर कळलं, नवरीची आई चांगली धडधाकट आहे, काल दुकानात भेटली होती.

संकट टळेल आणि सगळं पूर्ववत होईल असं गोदूबाईनं धरलं होतं. संकट टळलं. मांडव पुन्हा भरू लागले. पण ओट्यावर येऊन बसणारे बाप आले नाहीत. व्हिडिओतल्या धवल्यांचा पेनड्राइव्ह डीजेवाल्याकडेच असायचा, वेगळं कोणाला बोलवायची गरज राहिली नव्हती. ज्या दुसऱ्या दोन-तीन म्हाताऱ्या धवलारणी होत्या त्यांतली एक त्या साथीत गेली होती, बाकीच्यांना तर कोणी आधीही फारसं विचारत नव्हतं.

२०२२ साली एका जुन्या ओळखीच्या घरानं तिला आग्रहानं बोलावलं. गोदूबाई नवी साडी नेसून गेली. तेलाच्या वेळी तिनं नवरीच्या आईला पाटावर बसवलं आणि आईचा धवला सुरू केला. तिसरी ओळ निघताच मागच्या मुलींमध्ये कुजबुज झाली. त्या सगळ्यांना धवले पाठ होते. व्हिडिओवरून लिहून घेऊन कोणी तरी ते गावाच्या ग्रुपवर फिरवले होते आणि मुली त्यावरून बसवून आल्या होत्या. एकीनं धीर करून सांगितलं की आजी, इथं उंबर येतो. गोदूबाई म्हणाली, इथं आई येते. मुलीनं मोबाइल काढला. नवरीचा काका हायस्कुलात शिक्षक होता, तो मध्ये पडला. अगदी आदरानं बोलला. वय झालं की विसरायला होतं, तो म्हणाला, त्यात लाजण्यासारखं काही नाही; मूळ धवला काय आहे ते रेकॉर्डवर आहे, तो तुमचाच आवाज आहे ना?

"हाय," गोदूबाई म्हणाली. "आवाज माजाच हाय."

सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. आरोहीच्या घरची गोष्ट इतक्या लोकांत उघडी करायची तिची तयारी झाली नाही. तिनं उंबराची ओळ म्हटली. पाटावर बसलेल्या आईनं हातातली तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि मुलीला पानानं तेल लावून घेताना पाहत राहिली. तिला त्यात काही खटकलं नसावं, ती हसतच होती. गोदूबाई मात्र जेवण न करता घरी आली.

त्यानंतर तिनं बोलावणी घेतली नाहीत. पुढच्या वर्षी तिचा घसा बसला तो उघडेचना. धर्मानं अलिबागला नेऊन तपासलं, स्वरयंत्राजवळ गाठ निघाली. गाठ साधी होती, ऑपरेशनही नीट झालं, पण डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की पूर्वीचा आवाज परत येईल असं धरू नका. आला नाही. राहिली ती वाळलेल्या झावळीसारखी खरखर. ती बोलायला लागली की समोरच्याला वाकून कान द्यावा लागे.

त्याच दिवाळीत मृणालीचं लग्न ठरलं, तारीख निघाली वैशाखातली. एका सकाळी प्रणाली सासूपाशी येऊन बसली. सून तशी कमी बोलणारी, पण त्या दिवशी तिनं मनाशी जुळवून आणलं होतं. आत्याबाई, तुमचा आवाज गेला म्हणून मृणालीच्या लग्नात धवले नाहीत असं होऊ द्यायचं नाही, असं ती म्हणाली. रितेशकडून चांगल्यातली चांगली कॉपी आणू, मोठा स्पीकर लावू. आजीच्याच आवाजात नातीला तेल लागेल, असं भाग्य कोणाला मिळतं?

गोदूबाईनं सुनेला जवळ ओढलं.

"तो धवला लावू नको. तो आय नसलेल्या पोरीचा हाय."

प्रणालीला समजलं नाही. तेव्हा गोदूबाईनं तिला सगळं सांगितलं, रिकामा पाट, काकूला थांबवलेलं, उंबर. सांगायला वेळ लागला, मध्ये मध्ये पाणी प्यावं लागलं. गेली चार वर्षं या पट्ट्यात जिथं जिथं तो वाजलाय, ती म्हणाली, तिथं तिथं जित्या आया बसल्या होत्या, आणि त्यांच्या लेकींना मेलेल्या आईचा धवला लागला. प्रणालीचा चेहरा उतरला. तिनं विचारलं की हे तुम्ही आधी कोणाला का नाही सांगितलं. गोदूबाई म्हणाली की सांगितलं होतं. मी चुकते असं लोक म्हणाले.

प्रणालीनं मग वेळ घालवला नाही. दुसऱ्याच दिवशी ती सासूला रिक्षात घालून पोयनाडला रितेशच्या स्टुडिओत घेऊन गेली. रितेशनं सगळं ऐकून घेतलं. शूटिंग करताना मला वाटलं, धवला असाच असतो, तो म्हणाला, मला काय माहीत? त्यानं त्यांच्यासमोर व्हिडिओ काढून टाकला. मग कॉम्प्युटरवर शोधून दाखवलं. तोच व्हिडिओ दुसऱ्या अकरा जणांनी आपापल्या नावानं टाकला होता. एकानं मागे ढोलकी जोडली होती, एकानं फुलांची चित्रं. पेनड्राइव्हवर आणि मोबाइलमध्ये किती असतील त्याचा हिशेबच नाही. हे आता माझ्या हातात नाही, गोदूबाय, रितेश म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरोखरच अपराध्यासारखं काही होतं. आईचा धवला कुठं जुन्या शूटिंगमध्ये मिळतो का तेही त्यानं पाहिलं. जुन्या सगळ्यांत तेलाच्या वेळी त्यानं गाण्याचा आवाज बंद करून सिनेमाचं संगीत भरलं होतं. त्या वेळी गिऱ्हाइकांना तसंच लागायचं.

व्हिडिओ काढून टाकल्याचं रितेशनं आरोहीच्या बापाला कळवलं, बापानं आरोहीला. चार दिवसांनी आरोही स्वतः कोपरखारात आली. तिला खाडीच्या वरच्या अंगाला दिली होती, अंगणवाडीत शिकवायची, कडेवर दीड वर्षाची मुलगी होती. ती गोदूबाईच्या पायाशी बसली आणि म्हणाली की आपल्याला कित्येक वेळा इकडे यायचं होतं, पण काय बोलायचं ते सुचत नव्हतं. नातेवाइकांच्या लग्नात तेलाची वेळ आली की ती मुलीला फिरवायच्या निमित्तानं उठून बाहेर जायची. नवऱ्यालाही तिनं कारण सांगितलं नव्हतं. ती ओळ लागली की तिला वाटायचं, आपल्या घरातलं काहीतरी कोणी रस्त्यावर मांडलंय आणि येणारा-जाणारा हाताळतोय.

"ते तुम्ही मला दिलं होतं," आरोही म्हणाली. "एवढ्या सगळ्यांना कसं गेलं?"

गोदूबाईनं तिचा हात हातात घेतला. तिच्या डोळ्यांना पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही. थोड्या वेळानं तिनं आरोहीला विचारलं, आईचा धवला तुला कोणी ऐकवलाय का? आरोहीनं नाही म्हटलं. लहान असताना कोणाच्या लग्नात कानावर पडला असेल, पण आई गेल्यावर ती बाया-माणसांत फारशी बसलीच नव्हती.

"मंग शीक," गोदूबाई म्हणाली. "तुना शिकवतंय."

आरोही पहिल्या दिवशी मोबाइल घेऊन बसली. घरी जाऊन ऐकलं तर त्यात नुसता वारा आणि खरखर, एक शब्द लागेना. मग तिनं मोबाइल पिशवीतच ठेवला. दर रविवारी ती यायची, गोदूबाईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायची आणि तिच्या ओठांकडे बघायची. गोदूबाई अर्धी ओळ ओठांनी म्हणायची, उरलेली आरोहीनं आवाजात म्हणायची. चाल हातानं दाखवावी लागे. हात वर गेला की सूर वर, तळवा पालथा पडला की थांबा. मृणालीही कधी कधी येऊन बसायची. प्रणाली आरोहीच्या मुलीला सांभाळायची.

शब्द महिन्याभरात बसले. त्यानंतर गोदूबाईनं खरं शिकवायला घेतलं. ती घरं सांगायची. नवरीच्या बापाचा दुसरा संसार आहे, सख्खी आई माहेरी राहते पण लग्नाला आलीय, पाटावर कोण बसणार, आणि तू काय गाशील? नवऱ्याचा भाऊ मागच्या महिन्यात हायवेवर अपघातात गेला, त्याचं नाव कुठं घेशील? सासरचे मानी आहेत, त्यांच्या कुलदेवाचं नाव तुला ऐनवेळी आठवत नाही, काय करशील? आरोही चुकायची. गोदूबाई तिला रागे भरत नसे. तिचा तळवा पालथा पडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. एकदा आरोहीनं विचारलं की हे सगळं लिहून ठेवलं तर? गोदूबाईनं विचार करून सांगितलं, धवले लिही. घरं लिहू नको.

वैशाखात मृणालीचं लग्न घरापुढेच मांडव घालून केलं. तेलाच्या वेळी डीजे थांबला. पाहुण्यांतल्या काहींनी विचारलं, पेनड्राइव्ह कुठंय? धर्मानं सांगितलं की आज लावायचा नाही. आरोही धवलारणीच्या पाटावर बसली. तिचा आवाज गोदूबाईसारखा नव्हता, बारीक होता, वर जाताना जरा कापायचा. पहिल्या धवल्यात ती एकदा अडखळली. गोदूबाई समोर भिंतीला टेकून बसली होती. तिनं नुसती मान हलवली आणि आरोही पुढे गेली.

मग प्रणाली मुलीच्या उजव्या हाताला पाटावर येऊन बसली, हातात तेलाची वाटी. आरोहीनं मांडवात नजर फिरवली. तिला दिसलं की मागे चार-पाच मोबाइल वर झालेत, त्यांत मृणालीच्या मैत्रिणी होत्या, सासरकडली दोन मुलं होती. गोदूबाईला वाटलं, ती त्यांना बंद करा म्हणून सांगते की काय. आरोहीनं तसं काही सांगितलं नाही. ती गायली:

"वाटीन तेल, पानावर थेंब,
पयला थेंब कोनाचा?
नऊ मास जिनं भार वाहला,
त्या प्रणालीचे हाताचा.
कोपरखारान, धर्माचे दारी,
मृणालीचे माथ्याचा."

शेवटच्या दोन ओळी गोदूबाईनं शिकवल्या नव्हत्या. सखुबाईच्या धवल्यातही त्या नव्हत्या. आरोहीनं त्या ओळी अशा बांधल्या होत्या की कोणी कितीही टिपल्या तरी त्या दुसऱ्या कोणाच्या मांडवात लावता येणार नाहीत. गोदूबाईच्या ते ध्यानात आलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला. प्रणालीच्या हातून तेलाचा थेंब मुलीच्या भांगात पडला आणि तिथून कपाळावर ओघळला, तो तिनं अंगठ्यानं पुसला. आपलं नाव धवल्यात येईल हे तिला ठाऊक नव्हतं. ती रडायला लागली, तेव्हा मृणालीनंच वाटी तिच्या हातून घेतली.

आता त्याला वर्ष झालं. आरोहीला तीन-चार गावांतून बोलावणं येतं. बोलावणं आलं की ती आधी एकदा त्या घरी जाऊन येते, चहा पिते, घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलते. बाकी बहुतेक ठिकाणी अजून पेनड्राइव्हच लागतो. त्या अकरा व्हिडिओंचे आता पंधरा झालेत. कोणी त्याबद्दल विचारलं तर गोदूबाई सांगते, ज्यांना ठाऊक नाही त्यांना दोष कसा द्यायचा?

धर्माच्या मोबाइलमध्ये मात्र तो व्हिडिओ तसाच होता. हे घरात कोणाला ठाऊक नव्हतं. बंदराच्या गेटबाहेर ट्रेलरच्या रांगेत सहा-सहा तास थांबावं लागतं, तेव्हा धर्मा केबिनमध्ये तो लावायचा. एकदा ट्रेलर घराजवळच्या वळणावर उभा असताना गोदूबाई त्याचा डबा घेऊन गेली आणि तिनं ऐकलं. धर्मा चपापला. बंद करायला त्यानं हात पुढे केला, आणि एवढंच म्हणाला, आय, तुझा तो आवाज दुसरीकडे कुठं नाय.

गोदूबाईनं त्याचा हात धरला. त्याच्या आधारानं ती केबिनमध्ये चढली आणि त्याच्या शेजारच्या सीटवर बसली. एवढ्या वर्षांत तिनं तो व्हिडिओ सुरुवातीपासून शेवटपर्यंत कधी ऐकला नव्हता. काचेतून खाडी दिसत होती, ओहोटी लागली होती. धवले पंचवीस मिनिटं चालले. मधून मधून तिचे ओठ शब्दांबरोबर हलत होते. संपल्यावर धर्मानं विचारलं, काढून टाकू का?

"राहू दे," ती म्हणाली. "गाडीन ठेव. मांडवान नको." आणि डबा त्याच्या मांडीवर देऊन, जेव आधी, भात निवतोय, असं म्हणून ती उतरायला लागली.